फोटो कमी छापा, सूचना जास्त छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

५ डिसेंबरला स्वयंसेवक दिन असतो, संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली तो ठरवला, आणि तो जवळ आला की पेपरात आरोग्य संस्थांच्या बातम्या दिसायला लागतात. अमुक इतक्या लोकांची तपासणी, तमुक इतके स्वयंसेवक, बॅनर, ग्रुप फोटो. कौतुक होतं त्याबद्दल माझी तक्रार नाहीये, सुट्टीचा दिवस देऊन माणसं येतात तर त्यांचं नाव यायलाच हवं. पण मी नऊ वर्षं कॅन्सर पेशंटसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत जातेय आणि आमच्याकडे स्वयंसेवकांसाठी दर महिन्याला जे पत्रक येतं त्यातही हेच असतं, मागच्या महिन्यातले फोटो आणि पुढच्या महिन्याच्या तारखा. पेशंटसमोर बसल्यावर काय बोलायचं, काय नाही बोलायचं, कुठे थांबायचं, हे त्यात कधीच नसतं. ते आम्ही चुका करत करत शिकतो, आणि चूक आमची असली तरी भोगावं लागतं पेशंटला.

एक प्रसंग सांगते. आमच्या पत्रकात एकदा सपोर्ट ग्रुपचा फोटो आला, सात-आठ जणी गोल करून बसलेल्या, छान हसतायत. कोणीतरी तो व्हॉट्सॲपवर टाकला आणि तिथून तो फिरत गेला. त्यातल्या एका बाईंनी ऑफिसमध्ये आजाराचं काहीच सांगितलेलं नव्हतं, केमो चालू असताना विग लावून कामावर जायच्या. फोटो नेमका त्यांच्या ऑफिसच्या ग्रुपवर पोचला. त्या परत आल्या नाहीत. मी फोन केला तर उचलला नाही, दोन दिवसांनी मेसेज आला, ‘ताई, तुमच्याकडे तरी मला कोणी बघत नाही असं वाटायचं.’ तो फोटो मी काढला होता. विचारलंही होतं, सगळ्यांना एकदम, ‘काढू ना फोटो?’ असं, आणि सगळ्या हो म्हणाल्या होत्या. पण फोटो काढायला हो म्हणणं वेगळं आणि छापायला हो म्हणणं वेगळं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि सगळ्या हो म्हणत असताना एकटीने ‘माझा नको’ म्हणणं किती जड जातं हे मला सुचलंच नाही. आता मी प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारते, कुठे छापणार, कोण बघू शकेल ते सांगते, लेखी घेते, आणि नंतर मन बदललं तर पुढे वापरणार नाही पण एकदा बाहेर गेलेला फोटो परत आणता येत नाही हेही स्पष्ट सांगते. शक्यतो चेहरा घेतच नाही.

दुसरी गोष्ट औषधांची. रात्री एखाद्या पेशंटच्या मुलीचा फोन येतो, ‘मावशी, परवा बाबांची केमो झाली, आता ताप आलाय, पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू का?’ नवीन स्वयंसेवक प्रेमाने सांगून जाईल की हो दे, सकाळी बघू, कारण घरी आपण तेच करतो. पण केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, अशा वेळी ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप ही इमर्जन्सी असते, इन्फेक्शन काही तासांत जिवावर बेतू शकतं, आणि गोळीने ताप दबला तर आत काय चाललंय ते कळत नाही. तेव्हा उत्तर एकच, ‘औषधाचं मला सांगता येणार नाही, पण थांबू नकोस, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला फोन लाव, केमो कधी झाली ते आधी सांग, आणि मला परत कळव.’ एवढ्या चार ओळी चौकट करून पत्रकाच्या पहिल्या पानावर छापल्या तर किती उपयोग होईल! दर महिन्याला छापल्या तरी चालतील, कारण दर महिन्याला कोणीतरी नवीन आलेलं असतं.

तसंच स्वतःला सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी यायचं नाही, ‘शब्द दिलाय’ म्हणून तर अजिबात नाही. आणि हात धुणं. साबणाने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आपण बहुतेक जण पाच सेकंदात उरकतो.

बोलण्याचं सगळ्यात अवघड. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका काढली, त्यातली तीन कामं मला फार आवडतात, बघा, ऐका, जोडून द्या. म्हणजे आधी माणसाला काय हवंय ते बघा, त्याचं ऐकून घ्या, बोलायला भाग पाडू नका, आणि मग जो मदत करू शकेल त्याच्याशी त्याची गाठ घालून द्या. ह्यात ‘सगळं ठीक होईल’ म्हणणं कुठेच नाही. मी ते वर्षानुवर्षं म्हणत आले होते. एका आजोबांनी एकदा माझा हात धरून विचारलं, ‘तुला कोणी सांगितलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, मग मी गप्प बसले आणि ते तासभर बोलले.

इच्छा आहे म्हणजे काम येतं असं धरून चालणं ही जुनी चूक आहे. १८५९ मध्ये इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हेन्री ड्युनंट ह्या स्विस व्यावसायिकांनी शेजारच्या गावातल्या बायकांना घेऊन जखमींची सेवा केली, दोन्ही बाजूंच्या सैनिकांची, कुठलाही भेद न करता. पण नंतर त्यांनी मागणी केली ती शांततेच्या काळातच स्वयंसेवक तयार करून ठेवा अशी, आणि त्यातून १८६३ मध्ये पुढे रेड क्रॉस झालेली समिती उभी राहिली. मदतीला धावून येणारी माणसं तिथे होती, तयारी नव्हती. हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

आणि स्वयंसेवकांचंही कोणीतरी विचारावं. आमच्यातली एक मुलगी एका पेशंटकडे आठ महिने जात होती, ते गेले तेव्हा तिला दुसऱ्याच आठवड्यात नवीन पेशंटचं घर दिलं गेलं, आणि तिने काम सोडलं. तिच्याशी अर्धा तास बसून बोलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्यासुद्धा नाही.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. कॅम्पची बातमी आली की संस्थेला विचारा, ज्यांच्या तपासणीत काही सापडलं त्यांचं पुढे काय, त्यांनी कोणाकडे जायचं, आणि ते छापा. फोटो पाठवला तर त्यातल्या पेशंटची लेखी परवानगी आहे का ते विचारा, नसेल तर फोटो टाकू नका. आणि आठवड्यातून एक छोटा कोपरा स्वयंसेवकांच्या सूचनांसाठी ठेवा, अनुभवी नर्सेसकडून लिहून घ्या, त्यांना हे सगळं माहीत असतं आणि त्यांना कोणी विचारत नाही. सुरुवात केमोनंतरच्या तापापासून करा.

आपली एक वाचक
(माझं आणि संस्थेचं नाव छापू नये, त्या बाईंना परत ओळखलं जाऊ नये म्हणून.)