मुलांच्या आंदोलनाला पालकांचा पाठिंबा हवा

महोदय,

अमेरिकेतील शाळांमधल्या गोळीबाराविरुद्ध विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडतात, तेव्हा 'मुलांनी अभ्यास करावा' असा सूर आपल्या मराठी मंडळींतही उमटतो. तो मला मान्य नाही. 14 फेब्रुवारी 2018 रोजी फ्लोरिडातील पार्कलंड येथील शाळेत 17 जणांचा बळी गेला. हल्लेखोराने रायफल वयाच्या 18 व्या वर्षी कायदेशीरपणे विकत घेतली होती. मुले थेट राज्याच्या राजधानीत धडकली आणि महिन्याच्या आत कायदा झाला: बंदूक खरेदीचे किमान वय 21, ती हाती मिळण्याआधी तीन दिवसांची प्रतीक्षा, आणि धोकादायक व्यक्तीची शस्त्रे न्यायालयाच्या आदेशाने काढून घेण्याची तरतूद. मात्र फ्लोरिडात अशा आदेशासाठी न्यायालयात अर्ज पोलिसच करू शकतात. म्हणून धमकीचे संदेश पुसू नका, तारखेसह जपून पोलिसांना द्या.

वर्ग सोडल्याबद्दल शाळा गैरहजेरी लावू शकते, पण सरकारी शाळेला मुलांच्या मतामुळे अधिक कडक शिक्षा करता येत नाही. म्हणून शाळेचा हजेरीचा नियम आधीच वाचा आणि मुलासोबत उभे राहा.

घरातले काम तर आपलेच. शाळेत गोळीबार करणाऱ्या बहुतेक मुलांना बंदूक घरातून किंवा नातेवाइकांकडून मिळालेली असते. बंदूक रिकामी करून कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि किल्ली वा आकडा मुलांना ठाऊक नसावा. कपाटाच्या वरच्या फळीवर लपवणे म्हणजे सुरक्षितता नव्हे, मुलांना ती जागा माहीत असते. मूल मित्राकडे खेळायला जाणार असेल, तर 'घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का?' हे संकोच न करता विचारा.

– अमेरिकेतील एक मराठी पालक