निक यूरेन यांना खुलं आभारपत्र

प्रिय निक यूरेन,

स. न. वि. वि.

2015च्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) फायनलमध्ये चौथ्या सामन्याआधी आपण प्रशिक्षक स्टीव्ह कर यांना सुचवलेल्या बदलासाठी गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या चाहत्यांकडून हे आभार. उंच सेंटर अँड्र्यू बोगटला बाकावर बसवा आणि आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवा, एवढीच ती सूचना. तेव्हा आपण प्रशिक्षकांचे विशेष सहायक होता. व्हिडिओ कापणं, वेळापत्रक सांभाळणं, सरावाच्या वेळी गाणी लावणं ही आपली कामं. सॅन अँटोनियोच्या संघानं 2014च्या फायनलमध्ये तिसऱ्या सामन्यापासून टियागो स्प्लिटरच्या जागी बोरिस डियावला सुरुवातीला उतरवलं होतं. त्या मालिकेचं चित्रण पाहून आपण आधी सहायक प्रशिक्षक ल्यूक वॉल्टन यांच्याशी बोललात आणि पहाटे तीनच्या सुमारास कर यांना मेसेज पाठवलात.

समोरचा क्लीव्हलँडचा संघ तेव्हा मालिकेत 2-1नं पुढे होता. त्यांच्या लेब्रॉन जेम्सनं तीन सामन्यांत 44, 39 आणि 40 गुण काढले होते. त्यांचे केव्हिन लव्ह आणि कायरी अर्विंग जखमी असूनही क्लीव्हलँडवाले आपल्याला हरवत होते, कारण खेळाची गती त्यांच्या हातात होती. चेंडू सावकाश आणायचा, लेब्रॉनकडे द्यायचा, 24 सेकंद जवळजवळ पूर्ण वापरायचे आणि शॉट हुकला तर टिमोफी मोझगोव्ह आणि ट्रिस्टन थॉम्पसन यांनी रिबाऊंडला, म्हणजे परत उसळलेल्या चेंडूवर, तुटून पडायचं.

या बदलाला लोक आक्रमक जुगार म्हणतात. आम्हाला त्याचं खरं मोल बचावात दिसतं. आक्रमणातला फायदा समजायला सोपा आहे. आपल्या स्टीफन करीसाठी स्क्रीन (बचावपटूला अडवणारी आड) लागली की क्लीव्हलँडचे दोन खेळाडू त्याच्यावर धावून जात, करी चेंडू ड्रेमंड ग्रीनकडे सोडे आणि पुढे चार विरुद्ध तीन असा खेळ उरे. पण बोगट बास्केटजवळ उभा असला की त्याला राखणारा मोझगोव्हही तिथेच उभा राहायचा आणि ग्रीनला आत शिरायला जागाच नसायची. बोगटच्या जागी इग्वोडाला आल्यावर मोझगोव्हला कोपऱ्यापर्यंतचा विचार करावा लागला. आत थांबलं तर बाहेरचा मोकळा, बाहेर गेलं तर रिंग मोकळी.

बचावाचं गणित जास्त बारीक होतं. सुरुवातीला लेब्रॉनवर हॅरिसन बार्न्स असायचा आणि इग्वोडाला येईपर्यंत लेब्रॉनची लय बसलेली असायची. आता पहिल्या मिनिटापासून इग्वोडाला समोर. त्याची पद्धत पाहण्यासारखी होती. छाती लेब्रॉनसमोर, पाय सतत हलते, हात खाली. लेब्रॉन ड्रिबल संपवून चेंडू दोन्ही हातांत घेई त्या क्षणी खालून वर एक फटका, आणि तोही चेंडूवर. वरून हात मारला की मनगटाला लागतो आणि शिट्टी वाजते. खालून मारला तर चेंडू सुटतो किंवा निदान शॉटचा ताल बिघडतो. शिवाय तो शॉटच्या खोट्या हूलला भुलत नसे, उडी शेवटी मारे.

बार्न्स थॉम्पसनवर गेला, ग्रीन मोझगोव्हवर. ग्रीनची उंची साधारण साडेसहा फूट, मोझगोव्ह सात फुटांहून जास्त. अशा जोडीत मागे उभं राहून ढकलत बसलात तर हरलात. पुढे जाऊन पासची वाट अडवायची, पण ते एकट्याचं काम नव्हे. पास देणाऱ्याच्या अंगावर दाब नसेल तर तो डोक्यावरून अलगद चेंडू टाकतो. आणि दूरच्या बाजूचा खेळाडू एक पाऊल आधीच आत आलेला नसेल तर तो चेंडू म्हणजे सरळ डंक, रिंगमध्ये हातानं कोंबलेला बास्केट. रिबाऊंडचंही तसंच. लहान लाइनअपमध्ये (कमी उंचीचे पाच खेळाडू उतरवल्यावर) शॉट सुटला की पाचही जणांनी अंगाला अंग लावून बॉक्स आऊट करायचं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला रिंगपासून मागे रोखायचं, गार्डनीसुद्धा. एक जण जरी वेगवान हल्ल्यासाठी आधीच पळाला, तरी थॉम्पसनसारखा माणूस दुसरा शॉट मिळवून देतो.

सुरुवात वाईट झाली. 7-0नं मागे पडल्यावर कर यांना टाइमआऊट घ्यावा लागला. तिथे घाबरून बोगटला परत आणणं सोपं होतं. त्यांनी आणलं नाही, आणि पहिला क्वार्टर संपताना वॉरियर्स 31-24 असे पुढे होते.

सामना 103-82 असा जिंकला. मोझगोव्हनं 28 गुण काढले, म्हणून कुणी म्हणेल की उंचीची किंमत मोजावी लागलीच. लागली, पण लेब्रॉन 22 पैकी 7 शॉटवर 20 गुणांत थांबला. 82मधून या दोघांचे वजा करा, बाकी सगळ्या संघाचे उरतात 34. मोझगोव्हकडे गेलेला प्रत्येक चेंडू म्हणजे लेब्रॉननं न चालवलेला एक डाव, आणि त्याची कमाल कमाई बहुधा दोनच गुण. पाचव्या सामन्यात तर क्लीव्हलँडनंच लहान लाइनअप निवडली. 28 गुण काढणारा मोझगोव्ह नऊ मिनिटं खेळला आणि त्याला एकही गुण मिळाला नाही. त्यांचा रिंग राखणारा माणूस त्यांनीच बाकावर बसवला, हा आपल्या सूचनेचा सर्वांत मोठा परिणाम, असं आमचं मत आहे.

बोगटवर मात्र अन्याय नको. त्याच हंगामात तो ऑल-डिफेन्सिव्ह दुसऱ्या संघात होता. मेम्फिसविरुद्धच्या मालिकेत 2-1नं मागे असताना त्याला टोनी ॲलनवर नेमून ॲलनला बाहेर मोकळं सोडण्याची आणि बोगटला पेंटमध्ये (रिंगखालच्या रंगवलेल्या चौकटीत) उभं करण्याची युक्ती त्याच्याच जोरावर चालली. पुढच्या हंगामात कर यांनी त्याला पुन्हा सुरुवातीला आणलं आणि लहान लाइनअप मोक्याच्या मिनिटांसाठी राखून ठेवली, तेच बरोबर होतं. ही लाइनअप तिखट मसाल्यासारखी आहे, सामन्याची सगळी 48 मिनिटं वापरायची नाही. ग्रीनला सतत सेंटरशी झुंजायला लावलं की फाउल वाढतात, पाय जड होतात, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये मदतीला तो अर्धं पाऊल उशिरा पोचतो. 2016च्या फायनलमध्ये पाचव्या सामन्यात बोगट जखमी झाल्यावर शेवटच्या दोन सामन्यांत मोठ्या लाइनअपकडे वळायचा चांगला पर्यायच उरला नाही. तो पराभव अजून सलतो.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत, आणि त्यात वाटा कर यांचाही आहे. इग्वोडाला त्या नियमित हंगामात एकदाही सुरुवातीच्या पाचांत नव्हता; फायनलचा सर्वोत्तम खेळाडू मात्र तोच ठरला. आणि चौथा सामना जिंकल्यावर ही कल्पना कोणाची, असं विचारलं गेलं तेव्हा कर यांनी पत्रकारांसमोर आपलं नाव घेतलं. नाहीतर 28 वर्षांच्या सहायकाचं नाव आमच्यापर्यंत आलंच नसतं आणि हे पत्र कुणाला लिहायचं हेही कळलं नसतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
वॉरियर्सचा एक चाहता