टेफ्लॉनच्या हीटरला आम्ल चालतं, कोरडं चालत नाही

मा. संपादक,

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या रॉडना हार्डक्रोम (गरम आम्लाच्या टाकीत क्रोमियमचा कडक थर) करणारी छोटी वर्कशॉप आहेत, आता तिथं टाकीत टेफ्लॉन कोटेड हीटर बसवालेत, चांगलंच आहे, पण "हा जळतच नाही बघा" असं जे सांगितलं जातंय ते साफ खोटं, म्हणून हे पत्र.

आत साध्या हीटरसारखंच असतंय, नायक्रोमची तार, भोवती मॅग्नेशियम ऑक्साईडची पावडर ठासलेली, वर धातूची नळी. फक्त नळीवर फ्लोरोपॉलिमरचं, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकचं आवरण. क्रोमिक, हायड्रोक्लोरिक कुठलंच आम्ल त्याला खात नाही, क्वार्ट्झची काच खाणारं हायड्रोफ्लोरिकसुद्धा पचवतंय. पण शेवटी प्लास्टिकच की ते, उष्णता बाहेर सोडायला स्टेनलेसच्या मानानं 60 पट तरी मागं. म्हणून चौरस सेंटीमीटरला साधारण 1 वॉटच ठेवायचा, आणि त्यापायी हीटर एवढा ऐसपैस होतो. गिऱ्हाईक म्हणतंय गिझरचा एवढ्याच किलोवॅटचा कॉइल केवढासा असतो, मग कोणीतरी छोटा, स्वस्त करून देतो आणि कोटिंग आतनं भाजून निघतं.

खरा घोळ पातळी उतरल्यावर. क्रोमची टाकी 50-55 अंशाला चालते, रात्रभर वाफ जाते, हीटर वर उघडा पडतो आणि तिथली उष्णता घ्यायला कोणी नाही. पीटीएफई, म्हणजे नेहमीचं टेफ्लॉन, 260 अंशापर्यंत टिकतं, 327 ला वितळतं, त्याच जातीच्या एफईपीला तर 200 च्या पुढं न्यायचंच नाही. फार तापून धूर झाला आणि तो नाकात गेला की काही तासांनी थंडी-ताप, छाती आवळल्यासारखी, कामावरचं पोरगं फ्लू समजून गोळी घेऊन झोपतंय. टाकी पॉलीप्रॉपिलीनची असली तर आगच.

एका ठिकाणी दुरुस्तीला गेलतो तर पातळी उतरली की हीटर बंद करणाऱ्या फ्लोट स्विचच्या दोन्ही वायरी पिळून टेप मारलेला, का तर "सारखं बंद पडतंय". आरसीसीबीचंही (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) तेच. कोटिंगला टाचणीएवढं भोक पडलं की आम्ल नळी खातं, आत ओल शिरते, करंट गळतो, ट्रिप होतं. हीटर बोंबलून सांगालाय आणि ह्यांनी बायपास मारलेला! कारण एकच, चालू काम थांबायला नको.

आपल्या पेपरात उद्योगाच्या बातम्या येतात, त्यात हे एकदा छापा. आणि कारखानदारांच्या संघटनेनं लेव्हल स्विच, फार तापलं की बंद करणारा थर्मल कटआऊट आणि आरसीसीबी नसलेल्या टाकीला हीटर बसवायचाच नाही असं ठरवावं, आम्ही फिटर लोक सांगून कोण ऐकत नाही.

— एक इलेक्ट्रिशियन, अनगोळ, बेळगाव