शिवी माणूस बघून निघते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात शिव्यांची बाजू घेणारं एका वाचकाचं पत्र वाचलं. शिवी म्हणजे कुकरची शिट्टी, वाफ गेली की विषय संपला. आणि सौंदाळ्याच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड लावला तो निव्वळ पोरखेळ, असा त्यांचा सूर होता. मी त्याच नेवासा तालुक्यातला. ट्रकचं गॅरेज चालवतोय त्याला ३१ वर्षं झाली. शिव्यांच्या बाबतीत माझा अनुभव त्या वाचकापेक्षा कमी नसावा, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका टिपरखाली उताणा पडून गिअरबॉक्सचे बोल्ट खोलत होतो. हाताखालच्या पोराला सोळा-सतराचा पाना मागितला, त्याने अठरा-एकोणीसचा हातात ठेवला. तेही लागोपाठ दुसऱ्यांदा. माझ्या तोंडून त्याच्या आईचा उद्धार झाला. (शब्द लिहीत नाही; लिहिला तरी तुम्ही फुल्याच घालणार.) बाहेर सरकून बघतो तर ती माउली डबा घेऊन दारात उभी. पोरगा सकाळी डबा विसरला होता. तिने डबा बाकड्यावर ठेवला, "मिस्त्री, भाकरी गरम आहे तोवर सोडा त्याला जेवायला," एवढंच म्हणाली आणि गेली. पोरगा खाली मान घालून पाना पुसत बसला. पाना आधीच स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी ग्रीसचा रिकामा डबा धुऊन फळीवर ठेवला. शिवीला दहा रुपये. हिशेब पोराकडे, आणि पोरगा हिशेबाला पक्का. कोणाला दिली तेही वहीत लिहायचा. 'च्यायला' शिवी धरायची का यावर मात्र दोन दिवस वाद चालला. मी म्हणालो, तो तर नुसता उद्गार आहे, उभा महाराष्ट्र म्हणतो. पोरगा म्हणाला, "काका, पूर्ण करून बघा की." मनातल्या मनात पूर्ण केला आणि गप्प बसलो. शेवटी निम्मा दर ठरला, पाच रुपये.

एक सूट मी मागून घेतली. नट झिजलेला निघाला, हातोडी अंगठ्यावर बसली, तर शिवी माफ. तिथे समोर माणूस नसतो. वाफेचा मुद्दा इथे मला मान्य आहे, आणि त्याला पुरावाही आहे. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात विद्यार्थ्यांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवायला लावलं होतं. २००९ मध्ये तो प्रयोग छापून आला. शिवी घोकणाऱ्यांचा हात साधा शब्द घोकणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ पाण्यात टिकला. पुढे त्याच मंडळींना असंही दिसलं, की जो रोजच भरपूर शिव्या देतो त्याला हा गुण कमी येतो. म्हणजे माझ्यासारख्याचं औषध कधीच शिळं झालेलं.

पहिल्या महिन्यात डब्यात ११४० रुपये जमले. रक्कम ऐकून बायको हसली. मला मात्र वही वाचताना घाम फुटला. पोरगा, पोरगा, भंगारवाला, पोरगा, पाण्याचे जार टाकणारा, दारासमोर मोटारसायकल लावणारा कॉलेजचा मुलगा, पुन्हा पोरगा. आमच्याकडे एक ठेकेदार येतो, तीन टिपरवाला. वर्षभर माझे १८ हजार थकवून बसलाय आणि वर "काम नीट करत जा मिस्त्री" ऐकवून जातो. त्या महिन्यात तो चार वेळा आला. त्याच्या नावावर वहीत एक रुपया नाही. तो गेल्यावर, पाठीमागेसुद्धा नाही.

"तोंडाला सवय आहे, आपोआप निघते" असं मी ३१ वर्षं सांगत आलो. आपोआप निघते तर ती माणूस बघून कशी निघते? जातीवरून बोलण्याचंही तेच. माझ्या लहानपणी आमच्याकडची मोठी माणसं जातीचं नाव घेऊन सर्रास खेकसायची, त्यात आपण काही वावगं बोलतोय असं त्यांना वाटतही नसे. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आला, त्याची माहिती गावात पोचली, आणि तीच तोंडं बोलण्याआधी इकडेतिकडे बघायला लागली. मन किती बदललं देव जाणे, पण जिभेला लगाम बसतो एवढं नक्की कळलं.

शब्दाचं मला तितकंसं वावडं नाही. माझी आजी लाडात आली की "भाड्या, जेवलास का?" विचारायची, आणि त्या हाकेत जेवढी माया होती तेवढी पुढे कुठल्या 'बाळा'त मिळाली नाही. एकदा गाडी आणायला लोणंदला गेलो तेव्हा नागपंचमीचा दुसरा दिवस होता, म्हणून सुखेड आणि बोरीच्या मधल्या ओढ्यावर बोरीचा बार बघायला थांबलो. अलीकडे एका गावच्या बाया, पलीकडे दुसऱ्या गावच्या, वाजंत्री चाललेली, आणि हातवारे करून एकमेकींना अशा शिव्या, की आमचं गॅरेज म्हणजे बालवाडी. पण तिथे या काठावरची जेवढी देते तेवढीच त्या काठावरची परत करते. माझ्या पोराला ती सोय नव्हती. त्याने एकदा तरी उलट दिली असती, तर त्याला दुसरं गॅरेज शोधावं लागलं असतं.

म्हणून सौंदाळ्याच्या दंडाला मी हसत नाही. पावती कोणाच्या नावाने फाटते, मजुराच्या की मुकादमाच्या, तेवढं मात्र गावाने बघावं.

सध्या आमच्या डब्यात महिन्याला तीस-चाळीस रुपये पडतात. ठेकेदाराची बाकी अजून तशीच आहे. परवा तो येऊन गेल्यावर पोराने खिशातून दहाची नोट काढली आणि स्वतःच डब्यात टाकली. म्हणाला, "काका, पैसे भरलेत. त्याला एकदा द्याच."

अजून दिलेली नाही. नोट डब्यात आहे.

आपला,
एक गॅरेजवाला, ता. नेवासा