लोहार चाळीतल्या काकांना, वेसाव्याहून

काका, सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर घराच्या वळचणीला लावायचे दिवे घ्यायला मी आणि माझा भाऊ तुमच्या दुकानात आलो होतो. वेसाव्याची माणसं, जुनं कौलारू घर, असं सांगितलं तर कदाचित आठवेल. नाही आठवलं तरी हरकत नाही, तुमच्या काउंटरवर दिवसभर गर्दीच असते. पाऊस आता सरला आणि दिवे अजून पहिल्या दिवसासारखे लागतात. आभार मानायचे तर चारचौघांत मानावेत, म्हणून हे उघडं पत्र.

लोहार चाळ म्हणजे मुंबईतला विजेच्या सामानाचा बाजार, तिथे दिव्यांना तोटा नाही. नाव काढायचा अवकाश, समोर दहा नमुने पेटवून ठेवतात. तुम्ही एकही दिवा न दाखवता विचारलंत, घराचं तोंड कुठे आणि समोर कोण राहतं? सगळी निवड या दोन प्रश्नांवरच झाली.

घर पश्चिमेला तोंड करून आहे म्हटल्यावर तुम्ही मान हलवलीत. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून वाऱ्यासोबत येतो. तो कौलांवरून पागोळ्यांनी नुसता खाली पडत नाही, जोर असला की वळचणीच्या आत शिरून वाशांपर्यंत भिजवतो. वर छप्पर आहे म्हणून घरातला साधा दिवा चालेल, हा हिशेब समुद्राकाठी टिकत नाही. मग तुम्ही खोक्यावरचा आयपी हा आकडा बोट ठेवून समजावलात. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४४ असेल तर शिंतोडे सोसेल. ६५ असेल तर धूळ आत जाणार नाही आणि कुठूनही पाण्याचा फवारा आला तरी निभेल. ६७ वाला मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो, पण ‘तुमची वळचण काय बुडणार आहे?’ म्हणून ती महागडी पट्टी तुम्हीच उचलून मागे ठेवलीत. भाऊ ही गोष्ट अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

त्याहून मोलाची गोष्ट तुम्ही कात्री हातात घेऊन दाखवलीत. एलईडीची पट्टी मापाने कापली की कापलेलं तोंड उघडं पडतं, आणि मग खोक्यावरच्या ६५ला काही अर्थ राहत नाही. तिथे टोपी बसवून सिलिकॉन भरायचं, पुरतं सुकू द्यायचं आणि मगच वर चढवायचं. तसंच वायरीचं. काउंटरवर वायरीचा तुकडा धरून तुम्ही तिला जोडणीच्या पेटीत शिरण्याआधी खाली झोळ दिलात. पाणी वायरीवरून ओघळत येतं, झोळाच्या तळाशी पोचलं की तिथूनच टपकून जातं, वर चढून पेटीत जात नाही. इतकी साधी गोष्ट, पैसा लागत नाही, पण आमच्या वायरमनलाही ती फोनवर तुमच्याकडून ऐकल्यावरच पटली. जुलैच्या झडीत मी ओट्यावर उभी राहून बघत होते. झोळाच्या टोकाला थेंब धरायचा, फुगायचा, सुटायचा. पेटी आतून कोरडी ठणठणीत.

समोर आमची आत्या राहते. मधली गल्ली इतकी अरुंद की दोन माणसं एकमेकांना वाट देऊनच जातात. आत्या मासळीच्या धंद्यातली, ससून डॉकला जायला भल्या पहाटे निघते, त्यामुळे रात्री लवकर आडवी होते. हे ऐकून तुम्ही लखलखीत पांढरा, ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) दिवा थेट बाद केलात आणि २७०० चा पिवळसर काढलात. पांढऱ्या उजेडात निळा भाग जास्त असतो, तो डोळ्यांवर येतो आणि पावसाळी पाखरंही त्याच्याकडे जास्त धावतात. पट्टी अॅल्युमिनियमच्या खाचेत बसवायची, वर दुधी झाकण, तोंड जमिनीकडे, आणि लावायची वळचणीच्या आतल्या बाजूला, म्हणजे उजेड आपल्या ओट्यावर पडतो, दुसऱ्याच्या खिडकीत जात नाही. आत्याने एकदाही पडदा ओढलेला नाही. मुंबईत दुसऱ्याच्या झोपेचा एवढा विचार करून दिवा विकणारं माणूस भेटणं ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे.

विजेचा हिशेब तुम्ही बिलाच्या पाठीवर मांडून दिलात, तो कागद मी जपून ठेवला आहे. दहा मीटर पट्टी, मीटरला १० वॅट, म्हणजे १०० वॅट. ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज पट्टीला लागेल तशी करून देणारा डबा, मात्र १५० वॅटचा, कारण काठोकाठ भार दिला तर तो तापून लवकर जातो. १२ ऐवजी २४ व्होल्ट घ्यायचं, आणि वायर मधोमध जोडायची, म्हणजे दोन्हीकडे पाच-पाच मीटर जाईल आणि टोकाचा उजेड मंदावणार नाही. ड्रायव्हर घरात, हवा लागेल अशा कोरड्या जागी. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचेच, खाऱ्या हवेत साधे गंजतात. ते तुमच्याकडे नव्हते, तर शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडे तुम्ही स्वतः माणूस धाडलात. आणि बिल करण्याआधी घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ, आहे ना, एवढं विचारूनच पैसे घेतलेत.

भावाला रंग बदलणारे दिवे कायमचे हवे होते. तुम्ही त्याला नाही म्हणाला नाहीत, फक्त विचारलंत की वर्षातून किती रात्री लागतील? गणपती आणि दिवाळी. तेवढ्यासाठी झाकणाचा एक बाहेरचा सॉकेट आणि वाशांना हूक पुरे, माळा लावायच्या आणि सण सरला की उतरवून ठेवायच्या. मला हे पूर्ण पटलं, भावाला गणपतीत पटलं.

आमची आई गुडघ्यांनी अधू आहे. ओट्याच्या तीन पायऱ्या तिला आता रात्रीही स्वच्छ दिसतात, सावली पडत नाही, आणि ती कोणाला हाक न मारता खाली उतरते. तुमचे आभार मुख्यतः यासाठी.

आता आत्यालाही तिच्या घराला असेच दिवे हवे आहेत. भाऊबीज झाली की तिला घेऊन तुमच्याकडे येते. तिची वळचण सहा-सात मीटर भरेल, पण घरात आरसीसीबी नाही. ती आधी बसवून घ्यायला वायरमनला सांगितलं आहे. आणि काका, कधी वेसाव्याकडे आलात तर घरी जेवूनच जायचं.

आपली,
वेसाव्याची एक गिऱ्हाईक