विशेष विवाह कायद्यात धर्म आला कुठून?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर रविवारच्या अंकात आपण समोरासमोर छापलेले दोन्ही लेख मी काल पुन्हा वाचले आणि त्यानंतरच हे पत्र लिहायला बसले. दोन्ही लेखक व्यासंगी आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु विवाह हा संस्कार असल्यामुळे कायद्याने त्यात हात घालू नये असे एकाने म्हणायचे, धर्म मानणाऱ्या समाजाकडून न्यायाची अपेक्षाच ठेवू नये असे दुसऱ्याने म्हणायचे, आणि ज्या कायद्यावरून हे सारे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले त्याचे एकही कलम दोघांपैकी कोणी उघडून पाहू नये, याचा मला मनस्वी संताप आला.

एप्रिल २०२३ मध्ये सुनावणी सुरू झाली तेव्हाच घटनापीठाने सांगितले होते की धर्माधर्मांच्या वेगवेगळ्या व्यक्तिगत कायद्यांत आपण शिरणार नाही, विचार होईल तो १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. त्या कायद्यात सप्तपदी नाही आणि निकाहही नाही. विवाह अधिकारी, तीन साक्षीदार आणि दोघांनी एकमेकांना स्वीकारल्याचे मोठ्याने उच्चारलेले एक वाक्य, एवढ्यावर तो विवाह पूर्ण होतो. मी हे ऐकीव सांगत नाही. माझे स्वतःचे लग्न याच कायद्याखाली १९८८ साली परभणीत झाले. मी हिंदू आणि माझे यजमान मुस्लिम. दोघांनाही आपापला धर्म सोडायचा नव्हता, म्हणून आम्हाला हाच एक रस्ता मोकळा होता.

त्या लग्नाची नोटीस नियमाप्रमाणे ३० दिवस कार्यालयाच्या फलकावर लागली. हरकत घेण्याची कारणे कायद्याने मोजकीच ठेवली आहेत: वय, आधीचा जोडीदार हयात असणे, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणे आणि निषिद्ध नाते. घरच्यांची नाराजी हे त्यांत कारण नाही. तरीही कार्यालयातल्याच कोणीतरी माझ्या चुलत्यांना गावी निरोप धाडला, ते माणसे घेऊन जीपने आले, आणि यजमानांच्या मोहल्ल्यातली वडीलधारी मंडळीही त्याच दुपारी तेथे हजर झाली. ज्यांचे एरवी एकमेकांच्या घरी पाणी पिणेही नव्हते, ते सारे त्या व्हरांड्यात एका बाकावर बसून एकच गोष्ट बोलत होते की धर्म बुडेल. लेखी हरकत कोणाचीही नव्हती. पण 'घरच्यांची समजूत काढा, मग या' असे सांगून आम्हाला इतक्या वेळा परत पाठवण्यात आले की नोटिशीची तीन महिन्यांची मुदत संपत आली. ती संपली असती तर सारे पहिल्यापासून करावे लागले असते. त्या बाकावरची माणसे मी आजही विसरलेले नाही. म्हणूनच २०२३ मध्ये जमियत उलेमा-ए-हिंद ही मुस्लिम धर्मपंडितांची संघटना आणि काही हिंदू धार्मिक संघटना समलिंगी विवाहाला मान्यता मागणाऱ्या याचिकांच्या विरोधात एकाच बाजूला उभ्या राहिल्या, तेव्हा मला त्याचे नवल वाटले नाही.

धर्म बुडाला नाही. यजमानांनी शेवटच्या रमजानपर्यंत रोजे धरले, मी आजही एकादशी करते. शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला आम्ही दोघे जात होतो आणि गंगाखेडला जनाबाईच्या दर्शनालाही दोघेच जात होतो. यजमान पाटबंधारे खात्यात होते. ते गेल्यावर मला कुटुंब निवृत्तिवेतन मिळाले ते त्या कार्यालयाने दिलेल्या विवाहाच्या दाखल्यावर, आणि घरावर वारस म्हणून नाव लागले तेही त्याच दाखल्यावर. माझ्या बाजूला ना भटजी उभे होते ना काझी. सरकारी शिक्क्याचा एक कागद तेवढा होता, आणि त्या कागदामुळे मला कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

आपले पहिले लेखक म्हणतात की हा मुंबई-पुण्यातल्या मूठभर लोकांचा हट्ट आहे आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत असे काही नसते. केंद्र सरकारनेही न्यायालयात याचिकाकर्त्यांचे म्हणणे शहरी उच्चभ्रूंचे म्हणूनच रंगवले होते. मी आयुष्यभर याच जिल्ह्यात शिकवले आहे. गोदाकाठच्या एका गावातली माझी एक विद्यार्थिनी, आता नांदेडला नोकरी करणारी, मागच्या दिवाळीत माझ्याकडे आली होती. घरच्यांनी तिचे लग्न लावून दिले होते. ते टिकणारे नव्हते आणि टिकले नाही, आणि त्यात त्या बिचाऱ्या मुलाच्या आयुष्याचीही माती झाली, ज्याचा काहीही अपराध नव्हता. आता ती आपल्या मैत्रिणीबरोबर राहते. मैत्रीण शिवणकाम करते. चहा झाल्यावर तिने मला सरळ विचारले, "बाई, तुमचं लग्न ज्या कायद्यानं लागलं, त्यात आमचं बसतं का?"

मी तिला कायद्याचे चौथे कलम वाचून दाखवले. पुरुषाचे वय २१ पूर्ण आणि स्त्रीचे १८ पूर्ण असले पाहिजे, असे तेथे लिहिलेले आहे. निषिद्ध नात्यांची यादी पुरुषासाठी वेगळी आणि स्त्रीसाठी वेगळी आहे, आणि पोटगीचे कलम पत्नीला धरूनच रचलेले आहे. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे फॉर्मवर आमच्यासाठी रकानाच न्हाई." मला तिला होय म्हणावे लागले. ज्या कायद्याने मला माणूस म्हणून उभे केले, तोच कायदा उघडून मी माझ्या विद्यार्थिनीला तिच्यासाठी दार बंद असल्याचे सांगत होते.

पहिल्या लेखकमहाशयांनी १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाचा अर्थ 'न्यायालयाने परंपरेचा कौल मान्य केला' असा लावला आहे, तोही दुरुस्त केला पाहिजे. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता द्यावी की नाही, यावर तीन विरुद्ध दोन असा कौल झाला आणि सरन्यायाधीश चंद्रचूड व न्यायमूर्ती कौल अल्पमतात राहिले. परंतु हे नाते वाईट आहे किंवा अपराध आहे, असे एकाही न्यायमूर्तीने म्हटलेले नाही. तो प्रश्न ६ सप्टेंबर २०१८ रोजी, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या निकालाने मिटलेला आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या, आणि आता जे काही करायचे ते संसदेने करायचे आहे. आमच्या मराठवाड्यातून लोकसभेत गेलेल्या एकाही खासदाराने या विषयावर, बाजूने किंवा विरोधात, सभागृहात तोंड उघडल्याचे माझ्या वाचनात नाही. मते मागायला मात्र ते आमच्या गल्लीतही येतात आणि त्या मुलीच्या गावीही जातात.

समलिंगी जोडप्यांच्या अडचणी पाहण्यासाठी नेमलेल्या कॅबिनेट सचिवांच्या समितीचा उल्लेख दोन्ही लेखांत नाही. २०२४ मध्ये सरकारने एका शिधापत्रिकेवर नाव लावणे, संयुक्त बँक खाते उघडणे, खात्याला नामनिर्देशन करणे आणि जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा मृतदेह ताब्यात घेणे, याविषयी सूचना व खुलासे काढले. त्यांचे मी स्वागत करते. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. निवृत्तिवेतन त्यात नाही, वारसा त्यात नाही, आणि तालुक्याच्या गावी कोणा कर्मचाऱ्याने ती सूचना पाहिलेलीच नसेल तर ती दाखवून भांडायचे कोणी?

दुसऱ्या लेखकांविषयी थोडे. धर्म आणि न्याय यांची गाठ पडूच शकत नाही, असे ते लिहितात. माझी विद्यार्थिनी माळकरी आहे. ती माळ उतरवायला तयार नाही आणि तिने का उतरवावी? तिला कोणत्याही देवळात लग्न लावून हवे नाही, कोणा पुरोहितावर सक्ती नको आहे. सक्ती होणार नाही असे कायद्यातच स्पष्ट लिहावे, ही परंपरावाद्यांची मागणी असेल तर ती मला रास्त वाटते. तिला फक्त नोंद हवी आहे. उदारमतवादी म्हणवणाऱ्यांनी तिला आधी देव सोडायला सांगितले, तर ती त्यांच्याकडेही जाणार नाही आणि परंपरावादी तर तिला घरात घेतच नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्याच वृत्तपत्राविषयी लिहिणे भाग आहे. मागे आपल्या जिल्हा पानावर दोन सज्ञान मुलींनी एकत्र घर सोडल्याची बातमी आली होती. गावाचे नाव, वडिलांचा व्यवसाय, कोणत्या बसने गेल्या, सारे त्यात छापले होते, आणि शीर्षकात 'धक्कादायक प्रकार' असे होते. दोघींचे वय अठराच्या वर असल्याचे बातमीतच दिले होते, मग त्यांचा ठावठिकाणा गावाला कळवण्याचे काम आपण का केले? १९८८ मध्ये कार्यालयातल्या कोणीतरी माझ्या चुलत्यांना निरोप धाडून जे केले, तेच आपण हजारो प्रती काढून केले आहे. ज्या बातमीदाराने ती बातमी दिली, त्यानेच हे खेड्यांत होत नाही असे लिहिणाऱ्या आपल्या लेखकांना ती दाखवावी. आणि यापुढे अशा बातमीत गावाचे नाव छापले जाणार नाही, एवढे आश्वासन आपण याच स्तंभात द्यावे, अशी माझी मागणी आहे.

पत्र छापल्यास माझे नाव देऊ नये. मला कोणाची भीती राहिलेली नाही, पण माझ्या नावावरून त्या मुलीपर्यंत पोहोचणे अवघड नाही.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, परभणी