काच सफाईच्या आरओ प्लँटमधून ताशी 350 ऐवजी 68 लिटर पाणी: दुरुस्ती करून देण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कोटेशनमध्ये 4040 मेम्ब्रेनच्या (4 इंच व्यासाचा, 40 इंच लांबीचा, क्षार अडवणारा पडदा) प्लँटमधून ताशी 350 लिटर शुद्ध पाणी मिळेल असे लिहिले आहे. पुण्यात बसवल्या दिवसापासून मिळते ताशी 68 लिटर. काच धुण्याचे दोन पोल (पाणी सोडणारे ब्रशचे दांडे), प्रत्येकाला मिनिटाला दोन लिटर, सहा तासांचे काम, म्हणजे रोजची गरज 1440 लिटर. दहा तास प्लँट चालवून टाकीत जमतात 680.

आपले तंत्रज्ञ दोनदा येऊन 'बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) जास्त आहे' एवढेच सांगून गेले. टीडीएस 600 पीपीएम आहे आणि पाण्याचा रिपोर्ट ऑर्डरसोबतच दिला होता. शिवाय 600 पीपीएमचा ऑस्मोटिक दाब (क्षारांमुळे पंपाच्या दाबाला होणारा विरोध) साधारण 6 पीएसआय असतो. मेम्ब्रेनच्या आत पाण्यातले क्षार वाढत जातात ते धरले तरी सरासरी 9. तेवढ्याने उत्पादन एक पंचमांशावर येत नाही.

कारण गेजवर दिसते आहे. मेम्ब्रेनच्या तोंडाशी दाब फक्त 60 पीएसआय आहे. सेडिमेंट आणि कार्बन, दोन्ही कार्ट्रिज नवी टाकून पाहिली; फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे फरक 3 पीएसआयचा, म्हणजे अडथळा तिथे नाही. आपण दिलेल्या मेम्ब्रेनची क्षमता दिवसाला 2400 गॅलन, म्हणजे ताशी 378 लिटर. पण ती 225 पीएसआय दाबाला, 25 अंश पाण्यावर आणि 2000 पीपीएम टीडीएसला मोजलेली. त्या मोजणीत मेम्ब्रेनवर निव्वळ दाब 200 पीएसआयच्या घरात असतो. इथे 60 मधून ऑस्मोटिक दाबाचे 9 गेले. शुद्ध पाण्याच्या लाइनवर डीआय सिलिंडर (उरलेले क्षार रेझिनने काढणारी टाकी) थेट जोडला असल्याने उलटा दाब 10, तोही गेला. उरले 41. प्लँटला येणारे पाणी सकाळी 20 अंशांवर असते आणि दर अंशाला सुमारे 3 टक्के उत्पादन घटते. हे सगळे गणित मांडले की 66 लिटर येतात. म्हणजे मेम्ब्रेन खराब नाही. या पंपाला ते चुकीचे आहे.

डीआय सिलिंडर काढून शुद्ध पाणी सरळ टाकीत सोडले तेव्हा ताशी 84 लिटर आले. दोष जोडणीतही आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

दुसऱ्या भेटीत तंत्रज्ञांनी रिजेक्टचा (क्षार घेऊन बाहेर जाणाऱ्या पाण्याचा) व्हॉल्व्ह आवळला, ही सर्वांत गंभीर बाब आहे. रिजेक्ट ताशी 70 वरून 18 लिटरवर आले. उत्पादन वाढले दोन लिटरने आणि शुद्ध पाण्याचा टीडीएस 28 वरून 50 वर गेला. रिजेक्ट फीडच्या (आत येणाऱ्या पाण्याच्या) एक पंचमांश ठेवले की आतले क्षार पाचपट घट्ट होतात. बोअरच्या जड पाण्यात अशाने मेम्ब्रेनवर चुन्याचा थर बसणारच. डीआय रेझिनवरही त्याचा भार पडला. या कामात काच पुसली जात नाही, पाणी तिच्यावरच वाळते. रेझिन संपले की दुसऱ्या दिवशी पांढरे ठिपके दिसतात. व्हॉल्व्ह आम्ही पूर्ववत केला आहे.

आमच्या मागण्या अशा:

हे मेम्ब्रेन परत घ्यावे आणि 100 पीएसआयला चालणारे कमी दाबाचे 4040 मेम्ब्रेन द्यावे. सायट्रिक ॲसिडने धुऊन हेच पुन्हा बसवू नये. थर निघाला तरी त्याला 225 पीएसआय लागतात ते लागतातच.

ताशी 700 लिटर प्रवाहाला 100 पीएसआय टिकवणारा बूस्टर पंप द्यावा, लो-प्रेशर स्विचसह (पाणी कमी पडल्यास पंप बंद करणारा). केवळ पंपावर छापलेला कमाल दाब चालणार नाही, तो बंद व्हॉल्व्हवरचा असतो.

शुद्ध पाणी मोकळे टाकीत पडू द्यावे. डीआय सिलिंडर टाकीनंतर, सफाईच्या गाडीत पाणी भरायच्या लाइनवर छोट्या पंपासह यावा.

रिजेक्ट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे ठेवून दोन्ही लाइनना फ्लोमीटर लावावेत.

आवळलेल्या व्हॉल्व्हमुळे संपलेल्या 25 लिटर रेझिनची भरपाई करावी.

एवढे केल्यावर 20 अंशांच्या पाण्यावर ताशी 320 लिटरच्या आसपास उत्पादन यायला हवे. उन्हाळ्यात 350 चा आकडा सहज गाठला जाईल. चाचणी आमच्यासमोर, बादली आणि घड्याळ लावून घ्यावी. गेजचे फोटो, पाण्याचा रिपोर्ट आणि कोटेशनची प्रत सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत काम झाले नाही तर प्लँट परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी.

आपले विश्वासू,
व्यवस्थापक, काच सफाई विभाग
पुणे